मैनेचा माणूस

कोल्हापुराहून परत आल्यापासून आमच्या ओटीवर जो येतो तो एकच विचारतो, "काय हो, चित्ता पाहिलात म्हणे?" पाहिला असं म्हटलं की पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. जो तो आपलीच गोष्ट सांगत सुटतो, की त्यात काय मोठंसं, शिमग्यात आमच्या गोठ्यामागे बिबळ्या येऊन गेला. अरे बाबांनो, बिबळ्या वेगळा नि चित्ता वेगळा. बिबळ्या माणसाला पाहून दबा धरतो, चित्ता माणसाशेजारी खाटेवर झोपतो. तो डरकाळी फोडत नाही. त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा असतात, रडून रडून काजळ ओघळावं तशा. हे दहा जणांना सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून ठरवलं, एकदा सगळं लिहून काढावं नि विचारणाऱ्याच्या हातात कागद द्यावा.

घाटात

माझा धंदा सुपारी-खोबऱ्याचा. आमच्या बंदरावरून माल घाटावर जातो, घाटावरचा गूळ खाली येतो, आणि या ये-जा करण्यातून कोल्हापूरच्या गूळपेठेतल्या अण्णांशी माझी दोस्ती जमली. "एकदा या की, एकदा या की" असं ते इतकी वर्षं म्हणत होते, की शेवटी दिवाळी उरकल्यावर मी बायकोला म्हटलं, जाऊन येतो. तिने पेटी भरली. पेटीत काय काय भरलं ते मी पाहिलं नाही, आणि ते पुढे मला भोवलं.

घाट चढताना आमच्या गाडीच्या एका बैलाने पायथ्याशीच बसकण मारली. दुसरा आपला शहाण्यासारखा उभा. मी गाडीवानाला म्हटलं, चाबूक कशाला ठेवलायस, हाण की. तो हसला. "दोगव एकाच गायचे," तो म्हणाला. "पन ह्येका मारलंस तर बसता, आणि तेका नाय मारलंस तर निजता." मग त्याने बसलेल्या बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटून त्याला उठवलं आणि उभ्या असलेल्याच्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली. दोघे चालू लागले. मला त्याचा अन्याय वाटला, पण गाडी त्याची नि बैल त्याचे, आपण कशाला बोला!

घाटमाथ्यावरचं रान संपलं तसा प्रदेश एकदम उघडा पडला. आमच्याकडे माणूस झाडाच्या सावलीतून झाडाच्या सावलीत चालतो. इथे आभाळच आभाळ, खाली उभी ज्वारी, कडेला उसाचे मळे, आणि कुठेतरी गुऱ्हाळ पेटलं असलं की कढत्या रसाचा वास. तो वास मात्र असा की पोट भरलेलं असलं तरी भूक लागावी.

अण्णांच्या वखारीत

अण्णा मूळचे कुरुंदवाडचे जैन. घरात आईला 'अव्वा' म्हणतात, बहिणीला 'अक्का', आणि सगळे एकमेकांशी इतक्या मोठ्याने बोलतात की मी दारात पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, घरात कडाक्याचं भांडण जुंपलंय. भांडण कसलं! भाकरीला लोणी द्यायचं की दही, एवढाच विषय होता.

"आलासा? कवा निघालतासा? जेवलासा का न्हाय? बसा की, हुबं का?" अण्णांनी चार प्रश्न एका श्वासात विचारले आणि एकाही उत्तराची वाट न पाहता मला पाटावर बसवलं. दिवस मावळायच्या आत जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, वर गुळाचा खडा. कांदा नाही, लसूण नाही. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू, पण मासळीवर वाढलेल्या माणसाची जीभ दुसऱ्या घासालाच चुळबुळ करू लागते.

जेवण झाल्यावर अण्णांनी माझी पेटी घरामागच्या वखारीत ठेवायला सांगितली. गुळाच्या ढेपा छतापर्यंत रचलेल्या, अंधार, आणि दाराशी बारदानावर एक म्हातारा मुसलमान गृहस्थ बसलेला. पांढरी दाढी, अंगाने काटक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी पेटी टेकवली तशी त्याने मान वर केली.

"पावणं कोकणातलं दिसत्यात," तो हळूच म्हणाला. "पेटीत सोडं हायती न्हवं?"

मी पेटीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. बायकोने वाटेत खायला म्हणून सुकी कोलंबी बांधून दिली होती, आणि मी ती जैनाच्या घरात आणून ठेवली होती!

"घाबरू नगासा," तो म्हणाला. "मी कुणाला सांगत न्हाय. लई दिसांनी जीवाला बरा वाटंल असा वास आला बघा." आणि आम्ही दोघे चोरासारखे हसलो.

ते हुसेनमामू. महाराजांच्या चित्तेखान्यातले चित्तेवान. शिकारीचे चित्ते पाळणं, त्यांना हाताळणं हे त्यांच्या घराण्याचं काम बापाच्या बापापासूनचं. त्यांचं घर चित्तेखान्याला लागून, अण्णांच्या घरापासून काही फार लांब नाही. तरी दोन महिने होत आले, मामू घरी गेले नव्हते. वखारीतच राहत. अण्णांची आई त्यांना भाकरी वरून वाढी, थाळी त्यांची वेगळी. घराची रीत ती, पण भाकरी घरच्यांइतकीच गरम असे, हेही सांगायला हवं.

"लेकाशी भांडलेत का?" मी अण्णांना विचारलं.

"भांडाण कसलं! लेकाच्या पोटासाठीच बसल्यात हितं," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

मामूंकडे दोन चित्ते होते. दोन्ही आफ्रिकेतून जहाजाने मुंबईस आले, एकाच पेटीतून. एक नर, दौलत. एक मादी, तिचं नाव मैना, कारण ती पाखरासारखा बारीक चिवचिवाट करते. दौलत मामूंच्या मुलाच्या, इमामच्या हाताखाली, मैना मामूंच्या. गेल्या पावसाळ्यात दौलत तापाने गेला. आणि इकडे मामूंची नजर गेली. आता राहिली एक मैना, आणि चाकरीही एकच. चित्तेखान्याच्या दरोगासाहेबांनी सांगितलं होतं की येत्या शिकारीत मैना इमामच्या हाताने सुटली आणि इमामच्याच हाताने परत आली, तर मामूंची जागा इमामला. न आली तर मैना दुसऱ्या चित्तेवानाकडे जाईल, आणि या बापलेकांनी दुसरं काम बघावं.

"मग यात वखारीत लपायचं काय कारण?" मी म्हटलं.

"मामूंनाच विचारा," अण्णा म्हणाले. "मी जैन माणूस. शिकारीचं मला ईचारू नगासा."

मामूंना विचारलं. ते म्हणाले, "दौलत असता तर मी घरातच असतो, पावणं. दौलत सगळ्यांचा. ह्याच्या हातचं खाईल, त्याच्या हातचं खाईल, हाळी दिली की पळत येईल, बाजारात पोरांच्या घोळक्यात बशील. मैना तशी न्हाय. तिला एकच माणूस लागतो. तो माणूस जवळ हाय असं तिला कळलं, तर दुसऱ्याकडं बघायचीबी न्हाय. मग असल्या जनावराला दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हंजे काय करायचं? आमच्यात रीत हाय. जुन्या माणसानं तिच्या लेखी मरायचं."

"मरायचं म्हणजे?"

"कापडं धुवून टाकायची, खाट बदलायची, आवाज ऐकू द्यायचा न्हाय, वास येऊ द्यायचा न्हाय. घरात राहिलो तर वारा वास नेतो. हितं गुळाचा वास दांडगा. त्यात माझा मिसळून जातो."

मी थोडा तापटच आहे. मी म्हटलं, "जनावर ते जनावर मामू, दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी कुणाच्याही हातचं खाईल." मामू रागावले नाहीत. "तुमची मुलं किती?" त्यांनी विचारलं. तीन, मी म्हटलं. "तिघांस्नी एकाच गोष्टीनं समजूत पडती काय?" मला माझा धाकटा आठवला. थोरल्याला नुसतं डोळे वटारले तरी पुरतं, मधला पैजेवर काम करतो, आणि धाकट्याने एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव खाली आला तरी नाहीच.

चित्तेखान्यात

मला चित्ता पाहायचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच चित्तेखान्यात गेलो.

लांब पडवी, समोर अंगण, पडवीत ओळीने खाटा. एका खाटेवर तिशीतला एक उंच माणूस आडवा पडलेला, हाताला दोर गुंडाळलेला, आणि शेजारच्या खाटेवर ती. आधी मला वाटलं, कुणी पिवळी गोधडी ठेवलीय. मग गोधडीने मान वळवली. हातभर अंतरावर ते डोळे पाहून मी दोन पावलं मागे सरलो. डोकं लहान, छाती खोल, कंबर इतकी बारीक की मुठीत मावेल. माझ्याकडे तिने जेमतेम पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"या, बसा की पावणं," तो माणूस म्हणाला. तोच इमाम. आवाज बापाच्या दुप्पट. "कायबी करत न्हाय ती. काय करायचंच न्हाय तिला, ह्योच तर वांदा हाय. दौलत असता तर आत्तापतूर तुमच्या मांडीवर डोस्कं ठेवलं असतं."

मग तो दौलतचंच बोलत राहिला. दौलत कसा टाळीसरशी धावायचा. शिकार चुकली तर कसा रुसायचा, आणि आपण टाळ्या पिटत, नावाने ओरडत त्याच्याकडे पळत गेलं की कसा उड्या मारत सामोरा यायचा. दौलतला पुरलं तिथे अंगणाच्या कडेला एक दगड होता, तो त्याने दाखवला. "रडलात का?" मी विचारलं. "बाप्यानं जनावरासाठी रडायचं व्हय?" तो म्हणाला आणि दोराची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. मैनेबद्दल मात्र तो एवढंच बोलला, "बा म्हणतो, तिच्याकडं जायचं न्हाय, तिला येऊ द्यायचं. किती दीस येऊ द्यायचं? मला जमत न्हाय ते गप बसणं."

तेवढ्यात ते झालं. मैनेने नाक वर केलं. खाटेवरून उतरून ती सरळ माझ्यापाशी आली, माझ्या धोतराला नाक लावलं, आणि तिच्या गळ्यातून तो आवाज निघाला. एवढ्या मोठ्या जनावरातून चिमणीएवढा आवाज! चिव, चिव, चिव. माझ्या धोतरावरून, हातांवरून ती नाक फिरवत राहिली, दाराकडे पाहत राहिली, पुन्हा माझ्याकडे.

इमामचा चेहरा उतरला. "कुठं उतरलायसा?"

"अण्णांकडे."

"वखारीत बसलतासा? बाजवळ?"

मी मान हलवली. त्याने दोर ओढून धरला. "उठा. उठा की पावणं! पाया पडतो, परत हिकडं येऊ नगासा."

गावभर बोंब व्हायला वेळ लागत नाही. मैनेने त्या दिवशी मांसाला तोंड लावलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, असं त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी अण्णांच्या गड्याने येऊन सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौसेला म्हणून गेलो आणि दुसऱ्याच्या भाकरीवर पाय देऊन आलो. मामूंसमोर कबूल करायला गेलो तर त्यांना आधीच कळलं होतं.

"वराडली का?" त्यांनी विचारलं.

"ओरडली."

"कशी? एकदा का लई येळा?"

"सारखी. पाखरासारखी."

त्यांच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की काय सांगू! पण लगेच त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं. "तोबा, तोबा," ते म्हणाले. "पोराची चाकरी जायची येळ, आन् मला ग्वाड लागतंय. मी कसला बाप म्हणायचा, पावणं?"

त्यानंतर मी वखारीत बसायचो तो आंघोळ करायच्या आधी, आणि घराबाहेर पडायचो तो आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. अण्णांच्या आईला वाटलं, कोकणातली माणसं भारी सोवळी.

माळावर

शिकारीच्या पहाटे अण्णा स्नान करून बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, निघाले. त्यांनी आपली बैलगाडी द्यायला साफ नकार दिला होता. "माझा बैल शिकारीला न्हाय." पण निघताना दारात थांबले. मी विचारलं, आज देवाजवळ काय मागणार? "काळवीट सुटू दे, आन् मैना माघारी येऊ दे," ते म्हणाले. "एकच मागा असं सांगितलंय कुठं?" आणि खांद्यावरचं उपरणं सारखं करत गेले.

मामूंनी हट्टच धरला होता की मी लांबून का होईना येणारच. मग दुसऱ्या कुणाची तरी गाडी ठरवली. मामूंना गुळाच्या बारदानात गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि मी त्यांच्याशेजारी बसलो. मला घेतलं ते डोळे म्हणून. "दिसंल ते सांगायचं," त्यांनी बजावलं, "पर माझ्या कानात."

शिरोळच्या वाटेवर नदीकाठची काळी जमीन मागे टाकून चढ लागला की एक भला थोरला माळ पसरलाय. पिवळं गवत, मधेमधे खडक, आणि एका अंगाला ओढ्यापलीकडे ज्वारीचं उभं रान. शिकारीच्या गाड्या साध्या शेतकऱ्याच्या गाड्यांसारख्या, कारण काळविटांना शेतकऱ्याच्या गाडीची भीती वाटत नाही. महाराजांची स्वारी आणि त्यांचे पाहुणे पुढच्या गाड्यांत. मग इमाम नि मैनेची गाडी. आमची गाडी मागे, वारा आमच्याकडे येत होता अशा बाजूला. दरोगासाहेब घोड्यावरून येऊन आमच्या गाडीला परवानगी देऊन गेले होते, मात्र म्हातारा बोलला तर सगळं फुकट, असा दम भरून.

काळविटांचा कळप दिसला. गाडी त्यांच्याभोवती वाकडी वाकडी फिरत जवळ जाऊ लागली. इमामने मैनेच्या डोळ्यांवरची टोपी काढली.

"टोपी काढली," मी मामूंच्या कानात म्हटलं.

"उतरली का?"

"उतरली. चालतेय. पोट जमिनीला लावून चालतेय."

"कुणाकडं बघती?"

"एका काळ्या नराकडे. आता, आता धावली!"

त्यापुढचं मी सांगूच शकलो नाही. तसं धावणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाय दिसतच नव्हते. काळवीट डावीकडे वळला, ती वळली, तो पुन्हा वळला, धुरळा उडाला, आणि धुरळा खाली बसला तेव्हा काळवीट लांब पळत होता आणि मैना गवतात बसली होती.

"चुकली," मी म्हटलं.

"चुकू दे," मामू म्हणाले. "शिकार चुकली तर कुणी काय म्हणत न्हाय. आता परत आली पायजे. इमाम काय करतोय?"

पुढच्या गाड्या कळपामागे निघून गेल्या होत्या. माळावर राहिलो आम्ही, दरोगासाहेब, इमाम आणि ती. इमाम गाडीतून उडी टाकून उतरला. हात हलवत, टाळ्या पिटत तो तिच्याकडे धावत सुटला, आणि त्याचा तो दुप्पट आवाज माळभर घुमला, "हां दौलत! आ रे दौलत! दौलत!"

मामूंनी माझं मनगट असं आवळलं की हाड मोडतंय असं वाटलं. सांगायची गरज नव्हती. ते त्यांनीही ऐकलं होतं.

मैना उठली. त्याच्याकडे पाठ केली आणि ज्वारीच्या दिशेने चालू लागली. इमाम अजून जोरात धावला, तिनेही चाल वाढवली. "जातेय," मी म्हटलं. "ओढ्याकडे जातेय. ज्वारीत शिरली तर?"

"शिरली तर गेली," मामू म्हणाले.

दरोगासाहेबांनी घोडा आमच्या गाडीला आणून भिडवला. "मामू, हाक मारा!" ते म्हणाले. "जनावर सरकारी आहे, हरवलं तर तुमच्या लेकाची चाकरी राहिली बाजूला, तुम्हा दोघांवर आळ येईल. मारा हाक!"

एका हाकेचं काम होतं. ती ओढा ओलांडून आली असती, धावत आली असती, हे तिथे उभ्या सगळ्यांना ठाऊक होतं. मामूंनी छाती भरून श्वास घेतला. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, मारली हाक. आणि त्यांनी बारदानाची कड दोन्ही हातांनी तोंडात कोंबली आणि मान हलवली. नाही. दरोगा पुन्हा काहीतरी बोलले. मामूंनी नुसता हात वर केला, थांबा म्हणून. 

तिकडे इमाम थांबला होता. आपण काय नाव घेतलं ते त्याला बहुतेक तेव्हा कळलं असावं. मग जिथे होता तिथेच, तिच्याकडे पाठ करून, गवतात मटकन बसला. गुडघ्यांत डोकं घातलं, आणि तो एवढा बाप्या माणूस मोठमोठ्याने रडू लागला. दौलतसाठी. पावसाळ्यापासून साठवलेलं ते सगळं त्या माळावर बाहेर आलं.

"बसला," मी म्हटलं.

मामूंनी बारदानाची कड तोंडातून काढली. "कसा? तोंड कुणीकडं?"

"आपल्याकडे. तिच्याकडे पाठ आहे. रडतोय मामू."

"आता तुमीबी गप," ते पुटपुटले.

मैना ज्वारीच्या कडेला थबकली होती. मागे वळून पाहत होती. मग ती निघाली, सरळ नाही, लांब वळसा घेत, मधे बसत, अंग चाटत, जणू तिला त्याच्याशी काही देणंघेणंच नाही. इमामने मान वर केली नाही. ती आली, त्याच्या पागोट्याचा वास घेतला, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून गवतात आडवी झाली. बराच वेळ दोघे तसेच होते. ती का आली? त्याचं रडणं ऐकून, की दमली होती, की त्याच्या त्या बसण्यात तिला बापाचं काही सापडलं, कुणास ठाऊक! मी आपलं पाहिलं ते लिहिलं. शेवटी इमामने न वळताच हात मागे नेला आणि टोपी तिच्या डोळ्यांवर चढवली.

दरोगासाहेबांनी घोडा वळवता वळवता म्हटलं, "उद्यापासून जागा इमामची." एवढंच. मामूंनी हात जोडले.

परतीची वाट

इमाम तिला दोराने धरून गाडीकडे आणत होता. वाट आमच्या गाडीवरूनच जात होती, आणि वारा आता पडला होता. गाडीच्या चाकापाशी येताच मैना थांबली. टोपीखालून तिने नाक वर केलं. गुळाच्या बारदानातून, एवढ्या सगळ्या गुळातून, तिला तो वास लागला. चिव, चिव, चिव.

इमामचे डोळे अजून ओले होते. तो मोठ्या मनाचा निघाला. "बा," तो म्हणाला, "झालं की आता. हात लाव तिला."

मामूंनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले.

"न्हाय," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "आज हात लावला तर उद्या तुझ्याकडं बघायची न्हाय ती. न्हे तिला."

"बा, एकदाच."

"न्हे म्हणतो न्हवं!"

तो आवाज मात्र तिने ऐकलाच. इमामने तिला जवळजवळ उचलूनच आपल्या गाडीवर घातलं. त्याची गाडी पुढे, आमची मागे, असे आम्ही गावाकडे निघालो. आणि ती थांबेना. पुढच्या गाडीतून तो चिमणीएवढा आवाज येतच राहिला, खडखडणाऱ्या चाकांवरूनही स्पष्ट. मामू समोर तोंड करून बसले होते. त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. गालावरून पाणी दाढीत उतरत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात मांडीखालून काढले नाहीत.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पावणं, कायतरी बोला की."

"काय बोलू?"

"काय बी. तुमच्या गावाचं. पर जोरात बोला."

मी बोलू लागलो. आमच्या बंदराबद्दल, गलबतांबद्दल, सुपारी कशी सोलतात त्याबद्दल, माझ्या तीन मुलांबद्दल. कोल्हापूरकरांच्याही वरचा आवाज लावून मी गावाच्या वेशीपर्यंत बोलत राहिलो, आणि वेशीपर्यंत ती त्यांना हाका मारत राहिली.